बर्न केलेल्या ऑडिओ सीडीत आणखी गाणी कशी टाकायची

आधी खरं काय ते सांगते. बर्न होऊन साध्या सीडी प्लेअरवर वाजायला लागलेल्या ऑडिओ सीडीत मागाहून गाणं घालता येत नाही, मग तिच्यावर जागा कितीही उरलेली असो. पण त्यामुळे तुमचं काम अडत नाही. त्या सीडीवरची गाणी जशीच्या तशी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची, नवी गाणी त्यांच्या मागे लावायची आणि कोऱ्या सीडीवर सगळं एकदम बर्न करायचं. नीट केलं तर जुन्या गाण्यांच्या आवाजात तसूभरही फरक पडत नाही.

मी एका नृत्याच्या क्लाससाठी सरावाच्या सीडी तयार करते. तिथे अजून सीडी प्लेअरच वापरतात, आणि मला ते अगदी पटतं. रिमोटवर सात दाबलं की सातवं गाणं सुरू होतं, शोधाशोध करावी लागत नाही आणि मध्येच कुणाचा फोन वाजून ताल मोडत नाही. नवा नाच बसवायला घेतला की ताई सीडी माझ्याकडे देतात आणि म्हणतात, "हे नवीन गाणं ह्याच्याच मागे जोडून दे गं." म्हणून हा प्रश्न माझ्यासाठी रोजच्या कामाचा आहे.

जागा दिसते, मग गाणं का जात नाही?

सीडी उजेडात तिरकी धरून खालची बाजू बघा. भोकाजवळचा पट्टा थोडा गडद किंवा वेगळ्या छटेचा दिसेल आणि पुढे एका गोल रेषेपासून रंग बदललेला दिसेल. गडद भाग बर्न झालेला, बाहेरचा कोरा. सीडी आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळे किती भरली आहे याचा अंदाज नुसत्या डोळ्यांनी येतो. बऱ्याच जणांचा गोंधळही इथेच होतो, कारण कोरा भाग समोर दिसत असतो.

अडचण जागेची नाही, अनुक्रमणिकेची आहे. गाण्यांच्या आधी, अगदी आतल्या कडेला लीड-इन नावाचा भाग असतो. एकूण ट्रॅक किती, कुठला ट्रॅक कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला सुरू होतो आणि सगळं संपतं कुठे, हे तिथे लिहिलेलं असतं. मग गाणी आणि शेवटी लीड-आउट. या तिन्ही गोष्टी मिळून एक सेशन होतं. प्लेअरमध्ये सीडी घातल्यावर गाणं सुरू व्हायच्या आधी ती क्षणभर फिरते ना, तेव्हा प्लेअर ही अनुक्रमणिका वाचत असतो. सीडी-आरवर लेझरने रंगाचा थर भाजून खुणा उमटवलेल्या असतात आणि एकदा भाजलेलं परत कोरं होत नाही. त्यामुळे "ट्रॅक ११" असं लिहून झालेल्या अनुक्रमणिकेत बारावा ट्रॅक घुसवता येत नाही.

त्याच सीडीवर दुसरं सेशन लिहिता येतं, हे खरं आहे. काही प्रोग्राम ती सोय देतात, आणि कॉम्प्युटरच्या ड्राइव्हला बहुधा दोन्ही सेशन दिसतात. त्यामुळे घरी सगळं छान वाजतं. क्लासमधल्या प्लेअरमध्ये घातली की जुनी अकराच गाणी! फिलिप्स आणि सोनी यांनी ऑडिओ सीडीचे नियम ठरवले ते १९८० साली. रेड बुक म्हणतात त्याला. त्यात सेशन ही कल्पनाच नव्हती, ती पुढे रेकॉर्ड करता येणाऱ्या सीडींबरोबर आली. साधा ऑडिओ प्लेअर पहिली अनुक्रमणिका वाचतो आणि तिथेच थांबतो. गाण्यांच्या सीडीवर कॉम्प्युटरसाठीचे व्हिडिओ किंवा फोटो ठेवायची सीडी एक्स्ट्रा नावाची पद्धत १९९५ साली आली, ती तर याच गोष्टीवर उभी आहे. पहिल्या सेशनमध्ये गाणी, दुसऱ्यात डेटा. प्लेअरला दुसरं सेशन दिसतच नाही, म्हणून तो डेटा वाजवायला जात नाही.

शिवाय दुसरं सेशन फुकट मिळत नाही. पहिलं सेशन बंद करून पुढच्याची जागा धरली की साधारण अडीच मिनिटं गाण्याइतकी जागा जाते आणि पुढच्या प्रत्येक सेशनला दीड मिनिट. ऑडिओ सीडीसाठी या वाटेला जाऊच नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी सीडीची अवस्था तपासा

सीडी कॉम्प्युटरमध्ये घाला आणि बर्निंगच्या प्रोग्राममध्ये डिस्क इन्फो बघा. विंडोजवर मी त्यासाठी इमबर्न वापरते. त्यात उजव्या बाजूला सीडीची सगळी कुंडली येते. तीन गोष्टी वाचायच्या. 'इरेजेबल' समोर येस असेल तर ती सीडी-आरडब्ल्यू आहे, म्हणजे पुसता येते. डिस्क स्टेटस 'कम्प्लीट' असेल तर सीडी पूर्ण बंद झाली आहे. 'इनकम्प्लीट' असेल तर ती अजून उघडी आहे, मग शेवटच्या सेशनची स्थिती काय आहे तेही बघा.

तुमची सीडी विंडोज मीडिया प्लेअरसारख्या प्रोग्राममधून ऑडिओ सीडी म्हणून बर्न केलेली असेल, तर ती बंदच निघेल. तो प्रोग्राम तुम्हाला न विचारता सीडी बंद करतो आणि त्यात काही चूक नाही, कारण बंद केल्याशिवाय ती बाहेरच्या प्लेअरवर वाजलीच नसती.

बंद सीडीवरची गाणी उतरवून घेणं

सर्वांत आधी हे लक्षात ठेवा: ऑडिओ सीडी विंडोजमध्ये उघडली की 'ट्रॅक०१.सीडीए' अशा फाइली दिसतात. त्या कॉपी करून फोल्डरमध्ये टाकल्या की गाणी आली असं वाटतं. आलेली नसतात. त्या प्रत्येक फाइलचा आकार जेमतेम ४४ बाइट असतो. ट्रॅक कुठे आहे एवढीच खूण तिच्यात असते, गाणं नसतं. मॅकवर मात्र फाइंडरमध्ये ट्रॅक एआयएफएफ फाइली म्हणून दिसतात आणि त्या सरळ ओढून घेतल्या तरी चालतात.

विंडोजवर गाणी रिप करावी लागतात. विंडोज मीडिया प्लेअरमध्ये रिपच्या सेटिंगमध्ये जाऊन फॉरमॅट आधी 'वेव्ह, लॉसलेस' करा आणि मगच रिप दाबा. ही पायरी चुकवू नका. फॉरमॅट एमपी३ राहिला तर प्रत्येक वेळी गाणं दाबून लहान केलं जातं आणि दाबताना थोडा आवाज गळतो. एकदा कळणार नाही कदाचित, पण तीच सीडी पुन्हा रिप, पुन्हा बर्न असं चार वेळा झालं की झांजेचा, घुंगरांचा वरचा चकचकीत आवाज मळकट होत जातो. नाचाच्या गाण्यात तोच तर हवा असतो. वेव्हमध्ये असं काही होत नाही, सीडीवर जे आकडे आहेत तेच फाइलमध्ये येतात.

सीडीवर चरे असतील तर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा मोफत प्रोग्राम घ्या आणि त्यातला सिक्युअर मोड वापरा. तो संशयास्पद जागा पुन्हा पुन्हा वाचून खात्री करतो आणि जिथे जमलंच नाही ती जागा मिनिट-सेकंदासह दाखवतो. त्या जागेवर जाऊन कानाने ऐका. त्याआधी सीडी मऊ, कोरड्या सुती कापडाने पुसून घ्या, पण मधल्या भोकापासून कडेकडे, सरळ. गोल गोल पुसलं आणि चरा पडला तर तो ट्रॅकच्या दिशेने लांबवर जातो आणि प्लेअरला सावरणं अवघड होतं. आडवा चरा त्या मानाने सहज पचतो.

वेव्ह फाइलला मिनिटाला साधारण १० एमबी लागतात, म्हणजे भरलेल्या सीडीला ८०० एमबीच्या आसपास. जागेची चणचण असेल तर फ्लॅकमध्ये ठेवा. आकार बराच उतरतो, आवाज तोच राहतो.

मिनिटं मोजा, एमबी नाही

"सातशे एमबीची सीडी आहे, माझी गाणी चार-चार एमबीची आहेत, मग वीसच्या आतबाहेर गाण्यांतच भरली कशी?" हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. ऑडिओ सीडी बर्न होताना एमपी३ उलगडली जाते. फाइल चार एमबीची असो की चाळीस, चार मिनिटांचं गाणं सीडीवर चार मिनिटांची जागा घेतं. ७०० एमबीच्या सीडीवर ८० मिनिटं मावतात, जुन्या ६५० एमबीच्या सीडीवर ७४. ट्रॅक जास्तीत जास्त ९९. जुन्या गाण्यांची बेरीज करा, नव्यांची करा, मधल्या मोकळ्या सेकंदांसाठी थोडं हातचं ठेवा. मी ७८ मिनिटांच्या वर जात नाही, कारण अगदी बाहेरच्या कडेवर जुने प्लेअर अडखळतात.

नवी गाणी जुन्यांच्या पंगतीला बसवणं

बहुतेक लोक इथे घाई करतात. मला मात्र या कामात सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवावासा वाटतो.

पहिली गोष्ट, क्रम. नवी गाणी शेवटीच लावा. तुम्हाला वाटेल की नवं गाणं त्याच्यासारख्या जुन्याजवळ शोभेल, पण सीडी वापरणाऱ्या माणसाच्या डोक्यात नंबर बसलेले असतात. ताईंना गाण्याचं नाव आठवण्याआधी "नऊ" आठवतं. मध्ये एक गाणं घातलं की पुढचे सगळे नंबर हलतात आणि पंधरा मुली पवित्र्यात उभ्या असताना भलतंच गाणं सुरू होतं.

दुसरी गोष्ट, आवाजाची पातळी. जुनं ध्वनिमुद्रण हळू असतं, अलीकडचं बरंच मोठं. तसंच जोडलं तर अकराव्या गाण्यावरून बाराव्यावर जाताना माणूस दचकतो. ऑडॅसिटीमध्ये नवं गाणं उघडून लाउडनेस नॉर्मलायझेशन वापरा आणि जुन्या गाण्यांच्या जवळ आणा. आकड्यावर विसंबू नका. शेवटच्या जुन्या गाण्याची अखेरची वीस सेकंदं आणि नव्याची पहिली वीस सेकंदं पाठोपाठ ऐका. हात आपोआप आवाजाच्या बटणाकडे गेला नाही म्हणजे जमलं. जुनी गाणी मोठी करून नव्यांना गाठायला जाऊ नका, त्यांत खरखर वर येते आणि तबल्याचे बोल फाटतात.

नवं गाणं व्हिडिओतून किंवा मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं असेल तर ते बहुधा ४८ किलोहर्ट्झवर असतं, सीडीला ४४.१ लागतं. बर्निंगचे प्रोग्राम हा बदल सहसा आपणच करतात, पण ऑडॅसिटीतून बाहेर काढताना ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ वेव्ह निवडली की प्रश्नच उरत नाही.

तिसरी गोष्ट फक्त सरावाच्या सीडीसाठी. बटण दाबून आपल्या जागेवर जाऊन उभं राहायला वेळ लागतो. सीडी नव्याने बर्न करतेच आहे, तर मी प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला सात-आठ सेकंदांची शांतता घालून देते. ऑडॅसिटीत 'जनरेट' मध्ये 'सायलेन्स' आहे. ज्या दोन ट्रॅकमध्ये संगीत खंड न पडता वाहतं, तिथे अर्थातच हे करायचं नाही.

बर्न करताना

कोरी सीडी घातल्यावर विंडोज विचारतं की ही डिस्क कशी वापरायची आहे. यूएसबी ड्राइव्हसारखी हा पर्याय निवडू नका, त्याने ती डेटा डिस्क होते आणि ऑडिओ प्लेअर तिला ओळखत नाही. ती खिडकी बंद करा आणि थेट बर्निंगच्या प्रोग्राममध्ये 'ऑडिओ सीडी' निवडा.

लिहिण्याची पद्धत विचारली तर डिस्क-ॲट-वन्स घ्या. यात लेझर एकदा सुरू झाला की शेवटपर्यंत न थांबता लिहितो, अनुक्रमणिकेपासून लीड-आउटपर्यंत. ट्रॅक-ॲट-वन्समध्ये प्रत्येक गाण्यानंतर लेझर थांबतो, मध्ये दोन सेकंदांची मोकळी जागा पडते आणि काही प्लेअरवर जोडाच्या ठिकाणी बारीक 'टक्' ऐकू येतो. गाण्यांची नावं दाखवणारी सीडी टेक्स्टही डिस्क-ॲट-वन्समध्येच जाते. वेग १६ पट ठेवा. फार जोरात बर्न केलेली सीडी जुन्या प्लेअरला वाचायला कष्ट पडतात. एक-दोन पट इतकं हळू जाण्यातही फायदा नाही, आताच्या कोऱ्या सीडी त्यासाठी बनवलेल्याच नसतात.

सीडी उघडी निघाली तर

कधी कधी तपासणीत सीडी आणि तिचं शेवटचं सेशन दोन्ही इनकम्प्लीट निघतात. म्हणजे गाणी ट्रॅक-ॲट-वन्सने लिहिली गेली आहेत, पण अनुक्रमणिका अजून लिहिलेलीच नाही. ट्रॅकची तात्पुरती नोंद फक्त बर्नरला वाचता येईल अशा एका वेगळ्या जागी असते. अशा सीडीवर खरोखरच गाणी वाढवता येतात, त्याच सेशनमध्ये. मात्र ती बंद करेपर्यंत साध्या प्लेअरमध्ये ती वाजत नाही. लिनक्सवर वोडिम वापरणाऱ्यांना 'नोफिक्स' हा पर्याय देऊन असं टप्प्याटप्प्याने लिहिता येतं आणि शेवटी 'फिक्स' देऊन सीडी बंद करता येते. म्युझिक सिस्टिमशेजारी ठेवायचे स्वतंत्र सीडी रेकॉर्डरही असंच काम करतात: आज दोन गाणी, पुढच्या आठवड्यात तीन आणि सगळं झालं की फायनलाइज.

बर्न केलेली सीडी प्लेअरमध्ये कोरी असल्यासारखी वागत असेल, तर फेकून देण्याआधी हेच तपासा. बरेचदा ती फक्त बंद करायची राहिलेली असते. इमबर्नच्या टूल्स मेनूत ड्राइव्हखाली 'क्लोज' आहे, दोन मिनिटांत सीडी वाजायला लागते.

सारखीच गाणी वाढत असतील तर

दोन वाटा आहेत. सीडी-आरडब्ल्यू घेतली तर ती पुसून पुन्हा पुन्हा वापरता येते, कोऱ्या सीडी वाया जात नाहीत. पण तिच्यावरही एखादंच गाणं वाढवता येत नाही. ऑडिओ म्हणून बर्न करायची तर सगळी पुसायची आणि सगळी लिहायची. आणि तिच्यावरून परत येणारा उजेड साध्या सीडीच्या मानाने बराच कमी असतो, त्यामुळे जुने प्लेअर तिला हात लावत नाहीत. प्लेअरवर आरडब्ल्यू लिहिलंय का बघून घ्या.

दुसरी वाट एमपी३ सीडीची. प्लेअरवर एमपी३ची खूण असेल तर गाणी डेटा डिस्क म्हणून लिहा, मल्टिसेशन सुरू ठेवा आणि पुढच्या वेळी 'जुनी डिस्क पुढे चालू ठेवा' असा पर्याय घ्या. प्रोग्राम जुन्या फाइलींची यादी नव्या सेशनमध्ये ओढून घेतो आणि मागची-पुढची गाणी एकत्र दिसतात. १२८ केबीपीएसच्या फाइली असतील तर बारा तासांहून जास्त संगीत मावतं. फाइलींच्या नावांना ०१, ०२ असे आकडे लावा, कारण बहुतेक प्लेअर नावाच्या क्रमाने वाजवतात. नावं रोमन लिपीत द्या, मराठीतली नावं प्लेअरच्या पट्टीवर बहुधा चौकोन होऊन येतात. काही एमपी३ प्लेअरही पहिलंच सेशन वाचतात, म्हणून दोन-तीन गाणी टाकून आपल्या प्लेअरवर आधी चाचणी घ्या.

आमच्या क्लासचा प्लेअर एमपी३ ओळखत नाही, त्यामुळे मी प्रत्येक सीडीचं एक फोल्डर कॉम्प्युटरवर कायमचं ठेवलं आहे. त्यात तयार वेव्ह फाइली, नंबरासकट. ताईंनी नवं गाणं दिलं की रिप करायची गरजच पडत नाही. फोल्डरमध्ये पुढच्या नंबरची फाइल घालायची आणि बर्न करायचं.

बर्न झाल्यावर सीडी ज्या प्लेअरवर वाजणार आहे त्याच प्लेअरवर ऐका. पहिलं गाणं नको, शेवटचं लावा, तेही शेवटच्या मिनिटापर्यंत. नवी गाणी तिथेच असतात आणि सीडीची सर्वांत नाजूक कडही तीच. नवी सीडी नीट वाजली की मऊ टोकाच्या सीडी मार्करने तिच्या वरच्या बाजूला तारीख आणि ट्रॅकची संख्या लिहा. बॉलपेन वापरू नका, कारण संगीताचा थर वरच्या पातळ लेपाच्या लगेच खाली असतो आणि पेनाचं टोक त्याला इजा करतं. चिकटवायचं लेबलही नको, त्याने सीडीचा तोल जातो. जुनी सीडी "फक्त ११ गाणी" असं लिहून पाकिटात राहू द्या, क्लासच्या कपाटात जादा प्रत कामाला येते.